चाकांची चिलखती सैनिकवाहक गाडी

पायदळाच्या आठ ते बारा जवानांना बंदुकीच्या गोळ्या आणि तोफगोळ्यांच्या कपच्यांपासून वाचवत लढाईच्या तोंडापर्यंत नेणारी, पोलादी कवचाची, टायरवर धावणारी गाडी. मराठी वर्तमानपत्रांत पोलादी अंगाचे कुठलेही वाहन सरसकट ‘रणगाडा’ होऊन जाते. रणगाडा स्वतः लढायला जातो, ही गाडी लढणाऱ्यांना पोचवायला जाते. तिच्यावर मशीनगन असते, कधी छोटी तोफही असते, पण तिचा खरा माल पोटात बसलेला असतो.

अशा गाडीला चाके द्यायची की रणगाड्यासारखे पोलादी पट्टे, हा वाद तिच्याइतकाच जुना आहे. २४ टनांची गाडी आठ चाकांवर उभी असली की एकेका चाकाखाली तीन टन येतात, आणि टायर जमिनीला टेकतो तेवढ्याशा जागेत ते सामावावे लागतात. पट्ट्याखाली हाच भार लांबरुंद पसरतो. जुलैत मराठवाड्याच्या काळ्या रानात रुतलेल्या ट्रॉलीला ज्याने खांदा लावला आहे, त्याला यापुढचे गणित सांगायला नको. डांबरी रस्त्यावर मात्र पारडे उलटते. पट्टे लवकर झिजतात, रस्ता उखडतात, खडखडाट करतात, आणि लांबचा पल्ला असला तर अख्खी गाडी रेल्वेच्या वाघिणीवर किंवा ट्रेलरवर चढवावी लागते. चाकांची गाडी स्वतःच्या पायांनी जाते. पट्टा तुटला की गाडी जागच्या जागी बसते, पण आठांतली एक-दोन चाके निकामी झाली तरी चाकांची गाडी लंगडत का होईना परत येते. आत भक्कम कडे बसवलेले टायर गोळी लागून हवा गेल्यावरही काही अंतर धावतात. बऱ्याच गाड्यांत चालकाला बसल्या जागेवरून टायरमधली हवा कमीजास्त करता येते. वाळूत हवा कमी करायची म्हणजे टायर पसरतो, सडकेवर आल्यावर पुन्हा भरायची.

सुरुवातीच्या गाड्या म्हणजे सरळ ट्रकच होते, वरून पत्रा चढवलेले. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाने १९५० मध्ये सेवेत घेतलेली बीटीआर-१५२ ट्रकच्याच सांगाड्यावर उभी होती आणि तिचे डोके उघडे होते. १९५६ मध्ये बुडापेस्टच्या गल्ल्यांत लोकांनी वरच्या मजल्यांवरून या गाड्यांत पेटत्या पेट्रोलच्या बाटल्या आणि हातबॉम्ब टाकले. मोकळ्या मैदानासाठी बनवलेली गाडी गच्च्या आणि सज्ज्यांच्या शहरात किती असहाय होते, ते तिथे दिसले. पुढच्या आठ चाकांच्या बीटीआर-६० लाही आधी छत नव्हते, ते नंतर आले. तिची दुसरी खोड मात्र गेली नाही. इंजिन मागे असल्यामुळे जवानांना वरून किंवा बाजूने उतरावे लागे, म्हणजे नेमके गोळ्यांच्या समोर. ब्रिटिशांच्या सहा चाकी सारासेन गाडीत इंजिन पुढे आणि दारे मागे होती, आणि पुढे बहुतेक देशांनी हीच मांडणी उचलली. गाडीचे कवच किती मिलिमीटरचे हे लोक हटकून विचारतात. दार कुठे आहे हे विचारणारा निदान एकदा तरी तिच्यातून उतरलेला असतो.

भारतात या गाडीची कथा महायुद्धातच सुरू होते, आणि तिचा एक धागा मुंबईच्या फोर्ट भागात येतो. १९४० ते १९४४ या काळात ‘इंडियन पॅटर्न’ नावाच्या चार चाकी चिलखती गाड्या साडेचार हजारांहून अधिक संख्येने तयार झाल्या. फोर्डच्या चेसिस कॅनडातून येत, चिलखती पत्रा जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यातला, आणि त्यापासून सांगाडे उभे राहत ते भारतातल्या रेल्वेच्या कारखान्यांत. सैनिकांनी गाडीचे नावच ‘टाटानगर’ पाडले. पोलाद झारखंडच्या मातीतले असले तरी त्या उद्योगाचा कारभार चालत होता होमी मोदी रस्त्यावरच्या बॉम्बे हाऊसमधून. १९२४ मध्ये उभी राहिलेली ही इमारत गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट यांनीच रेखाटली होती. टाटानगर गाड्या उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात आणि इटलीत भारतीय डिव्हिजनांबरोबर गेल्या. कवच जाडीला जेमतेम १४ मिलिमीटर, हत्यार ब्रेनगन किंवा रणगाडाविरोधी बॉइज रायफल. टेहळणी, निरोप, तीन-चार माणसांची ने-आण असली कामे ती करी. आजच्या व्याख्येत ती काठावर बसेल, पण सलग वंशावळ मांडायची तर पहिले नाव तिचेच.

युद्ध संपल्यावर वर्षभराच्या आतच मुंबईकरांनी चिलखती गाड्या घराच्या खिडकीतून पाहिल्या. फेब्रुवारी १९४६ च्या नौसैनिकांच्या उठावात, ‘तलवार’ या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रावरून सुरू झालेला संप गोदीपासून गिरण्यांपर्यंत पसरला, तेव्हा ब्रिटिश सरकारने लष्कर रस्त्यावर उतरवले. गिरणगावात लष्करी गाड्यांतून गोळीबार झाला. दोनशेहून अधिक नागरिक मारले गेले, आणि परळला गोळी लागून गेलेल्या कमल दोंदे यांचे नाव त्या पिढीच्या तोंडी राहिले. मुंबईत चिलखती गाडीची पहिली ठळक आठवण अशी आहे: ती संरक्षणाला आली नव्हती.

स्वातंत्र्यानंतर लष्कराने पूर्व युरोपकडून चाकांच्या गाड्या घेतल्या. सोव्हिएत बीटीआर-६० आणि चेक-पोलिश स्कॉट या त्यांतल्या मुख्य. १९७९ मध्ये मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंट उभी राहिली, तीत अशाच गाड्यांवर तयार झालेल्या पलटणी आल्या. तिचे केंद्र अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला आहे. पुढे पट्ट्यांच्या बीएमपी गाड्या आल्या, आताच्या तेलंगणातल्या मेदकला ‘सारथ’ या नावाने बनू लागल्या, आणि राजस्थान-पंजाबच्या मोकळ्या रणांगणाचा विचार करणाऱ्या लष्कराच्या मनातून चाके दोन-तीन दशके जवळजवळ उतरलीच.

चाकांची आठवण पुन्हा करून दिली ती भूसुरुंगांनी. सुरुंगाचा झोत सपाट तळावर आदळला की सगळी ताकद आत शिरते. तळ होडीसारखा निमुळता ठेवला आणि गाडी जमिनीपासून उंच केली, तर झोत दोन्ही अंगांनी निसटतो. चाक उडते, माणूस वाचतो. ही कल्पना दक्षिण आफ्रिकेत कॅस्पिर गाडीत रुजली. शतक बदलताना भारताने त्या गाड्या काश्मीरसाठी आणल्या आणि त्याच धर्तीवर मेदकला ‘आदित्य’ बनली. नक्षलग्रस्त भागातही सुरुंगरोधक गाड्या गेल्या, पण तिथे कवच आणि सुरुंग यांची शर्यत लागली. गाडी जाड झाली की पुरलेल्या दारूचे वजन वाढते, आणि किती वाढवायचे यावर पुरणाऱ्याला बंधन नसते. म्हणून गडचिरोलीत अनोळखी रस्त्यावर गाडी टाळून पायी जाण्याकडेच पोलिसांचा कल राहिला आहे. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनीच, कुरखेडा तालुक्यातल्या जांभूळखेड्याजवळ शीघ्र कृती दलाचे १५ पोलीस आणि त्यांचा चालक सुरुंगस्फोटात गेले. ते साध्या खासगी गाडीतून निघाले होते.

मुंबई पोलिसांकडे अशी गाडी आली त्यामागेही एक साधी गाडीच आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयाजवळच्या रंगभवन गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि त्यांचे सहकारी टोयोटा क्वालिसमधून जात होते. आतल्या सातांपैकी सहा जण मारले गेले. क्वालिसचा पत्रा एके-४७ ला अडवू शकतच नव्हता. पुढच्या वर्षी फोर्स वन हे कमांडो पथक उभे राहिले आणि मुंबईतच मुख्यालय असलेल्या महिंद्राने बनवलेली ‘मार्क्समन’ ही हलकी चिलखती गाडी पोलिसांच्या ताफ्यात आली. साधारण सहा माणसांची ही गाडी. भिंती, तळ आणि छत मिळून एक पोलादी कुपी, आणि ती एसयूव्हीच्या सांगाड्यावर बसवलेली. आठ चाकांच्या लष्करी गाडीशेजारी ती खेळण्यासारखी दिसेल, पण मुंबईला तेवढीच झेपते. भुलेश्वरच्या गर्दीत, कुलाब्याच्या आडगल्लीत २४ टनांची गाडी वळवायची म्हणजे आधी निम्मी गल्ली मोकळी करावी लागेल. शिवाजी पार्कवरच्या संचलनात मार्क्समन, दुसरी चिलखती गाडी महारक्षक आणि पाण्याचा फवारा मारणारी वरुण एकामागून एक जातात तेव्हा टाळ्या पडतात त्या बहुधा वरुणला. मुलांना ती ओळखीची वाटते.

मोठ्या गाडीचा देशी आराखडा आकाराला आला तो मुंबईहून माळशेज घाट चढून जाता येते त्या नगरमध्ये. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची वाहन संशोधन संस्था तिथे आहे. जवळच रणगाडा संग्रहालय आहे, तिथली जुनी रोल्स-रॉइस चिलखती गाडी पाहायला मुंबई-पुण्याची मुले सहलीला येतात. या संस्थेने टाटा मोटर्सबरोबर आठ चाकांचा चिलखती मंच विकसित केला. फेब्रुवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या डिफेन्स एक्स्पोमध्ये तो ‘केस्ट्रेल’ या नावाने पहिल्यांदा लोकांसमोर आला. पुढे ‘व्हील्ड आर्मर्ड प्लॅटफॉर्म’चा संक्षेप ‘व्हॅप’ हेच नाव रूढ झाले. सुमारे ६०० अश्वशक्तीचे इंजिन, दहा-बारा माणसांची जागा, इंजिन पुढे, उतरण्याची फळी मागे. कवच हाच गाडीचा सांगाडा आहे, ट्रकचा वेगळा सांगाडा खाली नाही. रस्त्यावर ती ताशी शंभर किलोमीटरपर्यंत जाते. नदी लागली तर मागचे जलझोत सुरू करून ताशी दहाच्या आसपास पोहते. लष्करी गाडीला पोहायला लावणे म्हणजे कवचाच्या प्रत्येक किलोचा हिशेब देणे, म्हणूनच पोहणारी आणि जाड कवचाची अशा दोन्ही इच्छा एकाच गाडीत पुऱ्या होणे अवघड असते. ‘मंच’ हा शब्दही अर्थपूर्ण आहे. त्याच तळावर कधी तोफेचा बुरूज बसतो, कधी रुग्णवाहिका, कधी किरणोत्सर्ग आणि रासायनिक विषबाधा तपासणारी प्रयोगशाळा.

लष्कराने मोठ्या संख्येने मागणी नोंदवायला बराच वेळ घेतला. याच कुळातल्या पायदळाच्या संरक्षित गाड्या एप्रिल २०२२ मध्ये पुण्यात तेव्हाचे लष्करप्रमुख मनोज नरवणे यांच्या हस्ते लष्करात दाखल झाल्या. त्यांना खरी निकड होती लडाखमध्ये. तिथे रस्ता आहे, अंतर लांब आहे, आणि पट्ट्यांपेक्षा चाके लवकर पोचतात. व्हॅपला मोठे गिऱ्हाईक भेटले ते परदेशात. मोरोक्कोच्या सैन्यासाठी या गाड्या बनवायला टाटांनी बेरेशीद इथे कारखाना काढला, त्याचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. भारतीय खासगी कंपनीचा आफ्रिकेतला हा पहिला संरक्षण कारखाना. टाटानगर गाड्या ऐंशी वर्षांपूर्वी ज्या वाळवंटी खंडात लढल्या, तिथेच आता त्यांचे नातवंड जुळवले जाते.