हॅम्बुर्गच्या ‘बंकर’ची पार्श्वभूमी

जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या सांक्ट पाउली भागातल्या एका राखाडी इमारतीच्या ठोकळ्याला सगळं शहर ‘बंकर’च म्हणतं. आपल्याकडे बंकर म्हटलं की जमिनीत खणलेला मोर्चा डोळ्यांपुढे येतो. हा मूळचाच ३८ मीटर उंच, भिंती साडेतीन मीटर जाड. दुसऱ्या महायुद्धात बांधला तेव्हा तो बुरुज होता. गच्चीवर विमानवेधी तोफा, पोटात आसरा.

हा नावाचा घोळ किरकोळ नाही. ‘बंकर’ म्हणा, की जुलै १९४३ च्या बॉम्बवर्षावात इथे दाटीवाटीनं जीव वाचवून बसलेली माणसं आठवतात. ‘तोफांचा बुरुज’ म्हणा, की तो कोणी आणि कोणाला राबवून उभारला, हे विचारावं लागतं. १९४२ मध्ये जेमतेम ३०० दिवसांत काम उरकलं, त्यात सक्तीनं राबवलेले मजूर होते. शहरानं पहिलं नाव उचललं, यात नवल नाही.

तोफांना निशाण पुरवणारा जोडीचा बुरुज सत्तरच्या दशकात पाडला गेला. शहराच्याच विल्हेल्म्सबुर्ग भागातल्या तशाच बुरुजाचं अंतरंग ब्रिटिशांनी १९४७ मध्ये सुरुंगानं उडवलं. इथे सुरुंग लावला असता तर शेजारची वस्तीही गेली असती, म्हणून हा वाचला. मग आत बिऱ्हाडं आली, दूरचित्रवाणीची सुरुवातीची प्रक्षेपणं झाली, पुढे स्टुडिओ आणि नाइट क्लब.

खरा वाद अलीकडचा. संरक्षित वास्तूच्या डोक्यावर आणखी पाच मजले चढवायला परवानगी मिळाली. २०१४ च्या सुमारास लोकांपुढे मांडली गेली ती गच्चीवरची हिरवी बाग. २०२४ मध्ये उघडलं तेव्हा बागेसोबत हॉटेल आणि सभागृहही होतं. उंची आता ५८ मीटर. बाजू घेणारे म्हणतात, भिंतींना धक्का लागलेला नाही, वर जायला सर्वांना मोकळी वाट आहे, इतिहासाचं प्रदर्शनही आहे. ते खरंच आहे. पण ज्या गच्चीमुळे हा बुरुज ठरला, बांधकाम नेमकं तिच्यावरच झालं. खिडकीची एक चौकट बदलायला जुन्या घरांच्या मालकांना किती खेटे घालावे लागतात, ते त्यांनाच विचारा.

बाहेरून वळसे घेत चढणारी ही वाट ५६० मीटरची आहे. एका हाताला काँक्रीटवर फळ्यांच्या साच्याचे वण, दुसऱ्या हाताला कुंड्यांतली कोवळी झाडं.