१९०८ चा हंगाम फाशांवर पुन्हा खेळताना

अमेरिकेतल्या बेसबॉलच्या नॅशनल लीगमध्ये १९०८ साली शिकागो कब्स संघ ९९ सामने जिंकला आणि ५५ हरला. न्यूयॉर्क जायंट्स आणि पिट्सबर्ग पायरेट्स हे दोघंही ९८-५६ वर थांबले. सहा महिने खेळून तीन संघांत फरक पडला तो एका सामन्याचा. मग हाच हंगाम, तेच खेळाडू आणि तेच वेळापत्रक घेऊन संगणकावर दहा हजार वेळा खेळवला, तर कब्स किती वेळा पहिले येतील? या प्रश्नाचं उत्तर काढता येतं. मात्र त्यासाठी १९०८ चं बेसबॉल कसं होतं हे संगणकाला नीट शिकवावं लागतं, आणि बहुतेक सिम्युलेशन तिथेच चुकतात.

काम सुरू होतं एका बॅटरच्या तक्त्यापासून. पायरेट्सचा होनस वॅगनर घेऊ. १९०८ मध्ये तो ६४१ वेळा बॅटिंगला आला. त्याचे हिट, म्हणजे फटका मारून बेस (धावेसाठी गाठायच्या चार टप्प्यांपैकी एखादा) गाठल्याच्या वेळा, २०१: सिंगल (एक बेस) १३३, डबल (दोन) ३९, ट्रिपल (तीन) १९ आणि होमरन (चारही, म्हणजे धाव) १०. त्याला ५४ वेळा वॉक मिळाला, म्हणजे पिचरने चार वाईट चेंडू टाकल्यामुळे तो फुकट पहिल्या बेसवर गेला. ५ वेळा चेंडू अंगाला लागला. १४ वेळा त्याच्या नावावर ‘सॅक्रिफाइस’ लागला, म्हणजे स्वतः आउट होऊन त्याने पुढच्या धावपटूला सरकवलं. हे १४ आधी बाजूला काढायचे, कारण सॅक्रिफाइस हा मॅनेजरचा निर्णय असतो आणि तो बेसवर कुणी असेल तरच घेतला जातो. तो फाशांवर सोडला, तर बेस रिकामे असतानाही वॅगनर बंट करायला, म्हणजे चेंडू बॅटने हळूच ढकलायला लागतो.

उरलेल्या ६२७ खेळींचं १ ते १००० या आकड्यांत वाटप केलं की वॅगनरचा तक्ता तयार होतो. १ ते २१२ सिंगल, २१३ ते २७४ डबल, २७५ ते ३०४ ट्रिपल, ३०५ ते ३२० होमरन, ३२१ ते ४०६ वॉक, ४०७ ते ४१४ अंगाला चेंडू, आणि ४१५ पासून पुढे आउट. दहा बाजूंचे तीन फासे टाकले की हजारातला एक आकडा मिळतो आणि तक्त्यात त्याच्यासमोरचा निकाल वाचायचा. १९५१ मध्ये आलेला ‘एपीबीए’ आणि १९६१ चा ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हे कार्ड-फाशांचे खेळ अशाच कल्पनेवर उभे राहिले. संगणकाने त्यात फक्त वेग आणला. आठ संघ प्रत्येकी १५४ सामने खेळतात, म्हणजे लीगमध्ये एकूण ६१६ सामने, आणि एका सामन्यात साधारण ७५ खेळी. हाताने एका सामन्याला अर्धा तास धरला, तर एका हंगामाला तीनशेहून जास्त तास लागतात.

वॅगनरच्या तक्त्यात ट्रिपल होमरनच्या जवळपास दुप्पट आहेत, आणि तो काळ यातूनच कळतो. एकच चेंडू डावामागून डाव वापरला जायचा. तो मळकट आणि मऊ व्हायचा. थुंकी लावून टाकलेला ‘स्पिटबॉल’ नियमात बसायचा. मैदानं अवाढव्य, त्यामुळे जोरात मारलेला चेंडू कुंपणापलीकडे न जाता आउटफिल्डरच्या मागे घरंगळत राहायचा आणि बॅटर तिसरा बेस गाठायचा. त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक होमरन ब्रुकलिनच्या टिम जॉर्डनचे होते, तेही फक्त १२. लीगची बॅटिंग सरासरी (हिट भागिले ‘अधिकृत’ खेळी, म्हणजे वॉक, अंगाला चेंडू आणि सॅक्रिफाइस वगळून उरलेल्या) .२३९, आणि एका संघाच्या एका सामन्यात सरासरी धावा ३.३३.

पण वॅगनर काही सरासरी पिचरसमोरच खेळत नाही. समोर असा पिचर आहे, ज्याच्याविरुद्ध बॅटर .२०० नेच खेळतात. वॅगनरची सरासरी .३५४. मग या दोघांच्या लढतीत हिटची शक्यता किती? दोन आकड्यांची सरासरी काढणं ही इथली नेहमीची चूक, आणि तिचं उत्तर .२७७ येतं. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी मांडलेली ‘लॉग-५’ पद्धत वेगळी आहे. प्रत्येक आकडा ‘होण्याची शक्यता भागिले न होण्याची शक्यता’ या रूपात लिहायचा. वॅगनर .३५४ भागिले .६४६, म्हणजे ०.५४८. पिचर .२०० भागिले .८००, म्हणजे ०.२५. लीग .२३९ भागिले .७६१, म्हणजे ०.३१४. पहिल्या दोघांचा गुणाकार करून त्याला तिसऱ्याने भागलं की ०.४३६ येतात, आणि ते पुन्हा सरासरीच्या रूपात आणले की .३०४. ज्या लीगमध्ये सगळेच .२३९ ने खेळतात, तिथे .२०० देणारा पिचर चांगला असतो, पण .२७७ मधून वाटतो तितका भयंकर नसतो. म्हणूनच लीगची सरासरी त्याच वर्षाची हवी. जास्त सरासरीच्या दुसऱ्या एखाद्या काळाचा आकडा घातला, की सगळे बॅटर एकदम दुबळे होतात.

आता खरी अडचण येते ती क्षेत्ररक्षणातल्या चुकांची, म्हणजे ‘एरर’ची. १९०८ चे हातमोजे लहान होते आणि अंगठा व तर्जनीमध्ये आजच्यासारखी चामड्याची जाळी नव्हती. मैदानं उंचसखल. हजार संधींमागे सुमारे ३९ चुका व्हायच्या. आज हाच आकडा पंधराच्या आसपास आहे. त्या वर्षी नॅशनल लीगच्या पिचरांचा ईआरए, म्हणजे एररमुळे आलेल्या वगळून नऊ डावांमागे त्यांच्या खात्यावर लागलेल्या धावा, २.३५ होता. प्रत्यक्षात धावा ३.३३ झाल्या. दहांतल्या जवळपास तीन धावा एररमुळे आल्या होत्या. (ईआरए हा आकडाही १९०८ मध्ये अधिकृत नव्हता. नॅशनल लीगने तो १९१२ पासून ठेवला. त्याआधीचे ईआरए संशोधकांनी नंतर मोजले आहेत.)

हे एरर तक्त्यात नेमके कुठे घालायचे? एररमुळे बेसवर पोहोचलेला बॅटर हिशेबाच्या वहीत आउट धरला जातो. म्हणजे वॅगनरच्या ४१५ ते १००० या ‘आउट’च्या पट्ट्यातच तो एररवर सुटलेल्या वेळाही दडलेल्या आहेत. एरर याच पट्ट्यातून कापून घ्यायचे. काही जण ते हिटच्या बाजूने वाढवतात, मग बॅटिंग सरासरी फुगते. काही जण एरर घालतच नाहीत, आणि सामने सरासरी दोन-सव्वादोन धावांवर अडकून पडतात.

दुसरी गोम अशी की ‘हजारात ३९’ हा दर एका चेंडूमागचा नाही. शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने) चेंडू उचलून पहिल्या बेसवर फेकला, तर एकाच चेंडूत दोन संधी मोजल्या जातात, एक फेकणाऱ्याची आणि एक झेलणाऱ्याची. त्यामुळे तो दर तसाच्या तसा वापरला की एरर कमी पडतात. त्यापेक्षा प्रत्येक खेळाडूचे प्रत्यक्ष एरर घ्यावेत आणि ते त्याच्या जागेकडे येणाऱ्या चेंडूंवर वाटावेत. त्यांचे दोन गट करावेत. काही एररमुळे बॅटर बेसवर पोहोचतो, काहींमुळे आधीच बेसवर असलेला धावपटू एक बेस जास्त पळतो. हे प्रमाण इतकंच बदलत न्यायचं, की ईआरएबाहेरच्या धावा दहांत तीनच्या जवळ येतील.

काही आकडे मुळात नोंदलेलेच नाहीत. बेस चोरताना धावपटू किती वेळा पकडला गेला, याची नोंद तेव्हा ठेवत नसत. वॅगनरने ५३ बेस चोरले हे कागदावर आहे, पण तो किती वेळा फसला हे नाही. हा रकाना शून्य सोडला, तर संगणकातला मॅनेजर प्रत्येक वेळी धावपटूला पळवतो, कारण त्याच्या हिशेबात धोकाच नसतो. नंतरच्या दशकांतल्या नोंदींवरून अंदाज बांधावा लागतो, आणि तेव्हा निम्म्याहून थोड्याच जास्त चोऱ्या सफल व्हायच्या. सॅक्रिफाइसच्या रकान्यातही मेख आहे. १९०८ पासूनच उंच झेल देऊन धाव मिळवून दिली तरी सॅक्रिफाइस मोजू लागले, आणि तो बंटच्याच रकान्यात जाऊ लागला. त्यामुळे सगळे सॅक्रिफाइस बंट समजले, की बंट प्रमाणाबाहेर वाढतात.

पिचरांच्या बाबतीत आजच्या काळासाठी लिहिलेला प्रोग्राम सपशेल फसतो. जायंट्सच्या क्रिस्टी मॅथ्यूसनने त्या वर्षी ४४ सामने सुरू केले आणि त्यांतले ३४ स्वतःच संपवले. शिवाय मधल्या दिवसांत तो बदली पिचर म्हणूनही आला. एकूण ३९० डावांवर पिचिंग, ३७ विजय. दुसऱ्या मोठ्या लीगमध्ये, म्हणजे अमेरिकन लीगमध्ये, एड वॉल्शने तर ४६४ डाव टाकले. आजचा ‘थकवा’ लावला, की मॅथ्यूसन सहाव्या डावात बाहेर बसतो, त्याच्या जागी दुय्यम पिचर येतो आणि जायंट्स दहा-बारा सामने उगाच हरतात. थकव्याची मर्यादा पिचरने त्या हंगामात खरोखर टाकलेल्या डावांवरून ठरवावी. उलट टोकाची चूक राखीव खेळाडूंची. वर्षभरात दहाच वेळा खेळून चार हिट मारलेला माणूस संगणकाला .४०० चा बॅटर दिसतो आणि तो रोज खेळू लागतो. प्रत्येकाने प्रत्यक्षात जितक्या खेळी केल्या, त्याच्या थोडं वरच कुंपण घालून ठेवावं.

सगळं जमलं का, हे पाहायला आधी शंभर हंगाम पळवावेत आणि संघांच्या क्रमाकडे बघूही नये. बघायचं ते लीगकडे: धावा ३.३३ च्या जवळ आहेत का, सरासरी .२३९ आहे का, पिचरांनी पूर्ण केलेले सामने खऱ्याइतके आहेत का. हिट बरोबर आणि धावा चूक असतील, तर दोष बहुधा धावपटू किती बेस पळतात त्या तक्त्यात असतो.

मग क्रमाकडे वळावं. इथे धावांचा हिशेब बोलका आहे. कब्सनी ६२४ धावा केल्या आणि ४६१ दिल्या. जायंट्सनी ६५२ केल्या, ४५६ दिल्या. पायरेट्सनी ५८५ केल्या, ४६९ दिल्या. धावांच्या गुणोत्तराचा घात घेऊन विजयांचा अंदाज काढतात. नेहमी वर्ग घेतात, पण कमी धावांच्या काळात १.७५ च्या आसपासचा घात जास्त बरोबर बसतो. त्याने जायंट्सचे १००, कब्सचे ९७ आणि पायरेट्सचे ९२ विजय येतात. धावांच्या बळावर सर्वांत चांगला संघ जायंट्सचा होता. पण १५४ सामन्यांत निव्वळ नशिबाने एका संघाचे विजय सहज सहा इकडे किंवा सहा तिकडे होतात, आणि दोन संघांतल्या फरकाची ओढाताण नऊपर्यंत जाते. तीन विजयांची आघाडी त्यापुढे अगदीच लहान. या आकड्यांवर जायंट्स कब्सच्या पुढे राहतात ते शंभरांत साधारण ६५ हंगामांत. उरलेल्या ३५ मध्ये कब्स बरोबरीला किंवा पुढे, आणि १९०८ त्यांतलंच एक.

वॅगनरचा .३५४ हाही एक नशिबाचा फेरा आहे. ५६८ अधिकृत खेळींत नुसत्या योगायोगाने सरासरी .०२० ने वरखाली होते. आधीच्या दोन वर्षी तो .३३९ आणि .३५० ने खेळला, पुढच्या वर्षी पुन्हा .३३९. त्याचा .३५४ ही खरी ताकद धरून फासे टाकले, तर झालेलं नशीब त्याच्या पदरात कायमचं राहतं आणि त्यावर फाशांचं नवं नशीब चढतं. ‘काय झालं असतं’ हे पाहायचं असेल, तर तीन-चार वर्षांचे आकडे एकत्र करून तक्ता बनवावा.

या सगळ्यात एक गोष्ट बसत नाही. २३ सप्टेंबर १९०८, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, कब्सविरुद्ध १-१, नववा डाव, दोन आउट. जायंट्सचा मॅकॉर्मिक तिसऱ्या बेसवर, १९ वर्षांचा फ्रेड मर्कल पहिल्या बेसवर. ब्रिडवेलने सिंगल मारला आणि मॅकॉर्मिक घरी पोहोचला. सामना संपला असं समजून मर्कल दुसऱ्या बेसला न शिवताच वळला. नियमाने त्याला तो गाठणं भाग होतं, आणि त्याआधी तो आउट झाला तर धाव धरली जात नाही. कब्सच्या जॉनी एव्हर्सने चेंडू मागवून दुसरा बेस गाठला, आणि अंपायर हँक ओडे यांनी मर्कलला आउट देऊन धाव रद्द केली. लोक मैदानात घुसले होते, अंधार पडत होता, त्यामुळे सामना बरोबरीत सुटला. तो ८ ऑक्टोबरला पुन्हा खेळला गेला आणि कब्सनी ४-२ ने जिंकला. फाशांच्या तक्त्यात तिसऱ्या बेसवर माणूस असताना सिंगल म्हणजे धावच. पण १९ दिवस आधी, ४ सप्टेंबरला, पिट्सबर्गमध्ये पायरेट्सचा वॉरन गिलही असाच दुसऱ्या बेसला न शिवता वळला होता, एव्हर्सने तेव्हाही दाद मागितली होती, अंपायर ओडेच होते, आणि त्या दिवशी धाव मंजूर झाली होती. ते दोन निकाल एकाच नाण्याच्या दोन बाजू मानून त्या प्रसंगासाठी वेगळा फासा ठेवावा, की १९०८ च्या रिवाजाप्रमाणे धाव द्यावी, हे हंगाम सुरू करण्याआधी ठरवून लिहून ठेवावं लागतं. मधेच बदललं, तर तोवरचे सगळे सामने पुन्हा पळवावे लागतात.