बीनो अल्बम

इंग्लंडचा ब्लूज (अमेरिकन कृष्णवर्णीयांचं गिटारप्रधान संगीत) गायक जॉन मायॉल आणि त्याच्या ब्लूजब्रेकर्स बँडचा ‘ब्लूज ब्रेकर्स विथ एरिक क्लॅप्टन’ हा एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, डेका कंपनीने २२ जुलै १९६६ ला इंग्लंडमध्ये काढला, पण एवढं लांब नाव कोण घेतंय, सगळे बीनोच म्हणतात. कारण कव्हरवर चौघं भिंतीला टेकून बसलेत आणि त्यातला गिटारवाला एरिक क्लॅप्टन कॅमेऱ्याकडे न बघता ‘बीनो’ हे पोरांचं कॉमिक वाचतोय. फोटो काढून घ्यायचा त्याला वैताग होता.

क्लॅप्टन तेव्हा २१ वर्षांचा, मायॉल ३२ चा. गाणं, पियानो, ऑर्गन आणि माउथऑर्गन मायॉलकडे, बेसवर जॉन मॅकव्ही, ड्रम्सवर ह्यूई फ्लिंट. रेकॉर्डिंग लंडनच्या वेस्ट हॅम्पस्टेडमधल्या डेका स्टुडिओत झालं, प्रोड्यूसर माइक व्हर्नन, इंजिनियर गस डजन.

आता खरी गोष्ट आवाजाची. स्टुडिओत अँप (गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र) हळू ठेवून वाजवायचं ही तेव्हाची रीत, आणि हा पठ्ठ्या क्लॅप्टन गिब्सन कंपनीची लेस पॉल गिटार मार्शल कंपनीच्या कॉम्बो अँपला (अँप आणि स्पीकर एकाच पेटीत) लावून स्टेजवर वाजवतो तेवढ्याच मोठ्याने वाजवणार म्हणून अडून बसला, बिचाऱ्या इंजिनियरच्या डोक्याला ताप, कारण गिटारचा आवाज इतरांच्या माइकमध्येही शिरणार. पण व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, अँप असा ताणला की सूर जाडसर होतो, किंचित फाटतो आणि तार छेडल्यावर लवकर मरत नाही, लांबत राहतो. पुढे रॉक गिटारचा म्हणून जो आवाज सगळ्यांच्या कानात बसला त्याची पाळंमुळं इथे आहेत. गिब्सनने लेस पॉलचं ते सनबर्स्ट (मध्ये पिवळसर, कडेला गडद रंगाचं) मॉडेल १९६० लाच बंद केलं होतं, नंतर जुन्या लेस पॉलना जो भाव आला त्यात या रेकॉर्डचा वाटा मोठा.

गाणी १२, बरीचशी शिकागोच्या ब्लूजच्या वळणाची, ओटिस रश, फ्रेडी किंग, लिटल वॉल्टर वगैरेंची, बाकी मायॉलची स्वतःची. ‘हॅव यू हर्ड’ ऐकाच, आधी सॅक्सोफोन निवांत बोलतो आणि मग क्लॅप्टनचा सोलो असा येतो की बाकीचे सगळे मागे सरकल्यासारखे वाटतात. रॉबर्ट जॉन्सनच्या ‘रॅम्बलिन ऑन माय माइंड’मध्ये क्लॅप्टन पहिल्यांदाच मुख्य गायक म्हणून गायला, जरा बिचकतच. पहिल्या बाजूच्या शेवटी रे चार्ल्सच्या गाण्यात जो ड्रम सोलो आहे तो मात्र मला लांबलेला वाटतो, तिथे मी सुई उचलतो.

रेकॉर्ड ब्रिटिश चार्टवर ६ व्या नंबरपर्यंत गेली, पण तोवर क्लॅप्टन बँड सोडून क्रीम या नव्या बँडच्या तयारीला लागला होता, आणि त्याच उन्हाळ्यात ती लेस पॉल चोरीला गेली. क्लॅप्टनच्या जागी गिटारवर पीटर ग्रीन आला, मग १९६७ मध्ये ग्रीन आणि पाठोपाठ मॅकव्हीही फ्लीटवुड मॅक या बँडमध्ये गेले, म्हणजे मायॉलचा बँड कमी आणि शाळाच जास्त.

जुनी प्रत शोधताय तर पहिली ब्रिटिश एलपी मोनो आहे (सगळा आवाज एकाच चॅनेलवर, स्टिरिओसारखा डावा-उजवा नाही), कंपनीचा नंबर एलके ४८०४, लाल लेबल आणि त्यावर डेकाचं नाव चौकटीशिवाय, चौकटवालं लेबल नंतरचं. स्टिरिओ आवृत्ती तिकडे १९६९ ला आली. मोनोत गिटार ड्रम्सच्या अंगावरच बसल्यासारखी एकसंध ऐकू येते, म्हणून लोक तीच मागतात. फक्त कव्हर बघून पैसे देऊ नका, या प्रती पार्ट्यांमध्ये जड सुईखाली झिजलेल्या असतात, उजेडात तिरपी धरून खाचा बघा आणि जमलं तर ‘हॅव यू हर्ड’चा सोलो लावूनच बघा, खरखर असेल तर तिथे लगेच कळते.