सेव्रच्या बशीचा फोटो पाठवण्यापूर्वी

दुकानाच्या व्हॉट्सॲपवर येणारा फोटो ठरलेला असतो: बशी पालथी, मधोमध एकमेकांत गुंफलेले दोन निळे एल, आणि खाली प्रश्न, "राजघराण्यातली आहे ना? किती येतील?" एवढ्यावर आम्ही किंमत सांगत नाही. रागावू नका, कारण ऐका.

हा शिक्का फ्रान्समधल्या सेव्रच्या राजेशाही चिनीमातीच्या कारखान्याचा, हे खरेच. पण एकोणिसाव्या शतकात तो कितीतरी जणांनी बिनदिक्कत उमटवला. त्यात १८०० पासून ब्रोन्यार संचालक असताना कारखान्याने जुना कोरा माल विकून टाकला आणि बाहेरच्या रंगाऱ्यांनी तो रंगवला. म्हणजे भांडे खरे, नक्षी खोटी!

दोन एलच्या मध्ये बहुधा एक अक्षर असते, ते मात्र नीट वाचा. ए म्हणजे १७५३, ई म्हणजे १७५७, झेड म्हणजे १७७७. त्यापुढे एए, बीबी. आमच्याकडे हमखास येते ती फिरोजी काठाची, मध्ये फ्रान्सच्या मारी आंत्वानेत राणीची छबी असलेली बशी. अक्षर पाहावे तर १७५७चे. बाईंचा जन्म १७५५चा, राणी झाल्या १७७४ला. दोन वर्षांच्या पोरीच्या अंबाड्यात पिसे कोण खोवणार? आणि त्यांचे पती, राजा सोळावा लुई यांनी १७८३ पासून व्हर्सायच्या राजवाड्यासाठी बनवून घेतलेला सेट म्हणाल, तर त्यातला बराचसा आज इंग्लंडच्या राजघराण्याकडे आहे.

म्हणून शिक्क्याबरोबर समोरची बाजू, बुडाची कडा आणि तिरप्या उजेडातले सोनेरी काम यांचेही फोटो पाठवा. जुने सोने जाड, घोटलेले असते. नकलेतले बहुधा पातळ आणि भडक. मऊ मातीच्या (सॉफ्ट पेस्ट पोर्सिलेनच्या) जुन्या भांड्यावर रंग झिलईत मुरलेला दिसतो. ते पुन्हा रंगवून भाजले असेल, तर झिलईत बारीक काळे ठिपके उठलेले सापडतात. फोटोसाठी भांडे चिंच-लिंबाने घासू नका, गेलेले सोने परत येत नाही.

तपासणीचे पैसे आधी का, असेही विचारतात. भिंगाखाली वेळ जातो, आणि "नक्कल आहे" ऐकल्यावर पाकीट कोणी उघडत नाही. लेखी अहवाल मात्र देतो. वस्तू आमच्यामार्फत विकलीत तर ही रक्कम दलालीतून वजा. नक्कल निघाली तरी हिरमुसू नका. पॅरिसच्या सामसों या नकला करणाऱ्या नामांकित कारखान्याने केलेल्या नकलांनाही गिऱ्हाईक आहे, फक्त आम्ही त्या सेव्र म्हणून विकत नाही.