क्षय आरोग्यधामातील रुग्णजीवन

क्षयावर गुणकारी औषधे येण्यापूर्वी, आणि त्यानंतरही काही वर्षे, रुग्णाला महिनोन्‌महिने घरापासून दूर आरोग्यधामात ठेवत. तिथे रुग्णांमध्ये जो आपसातला व्यवहार रुजला, तो या नोंदीचा विषय. बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या मराठी कुटुंबांना जवळचे ठिकाण म्हणजे मिरजेलगतची वानलेसवाडी, मिरजेत मिशनचे रुग्णालय उभारणाऱ्या डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या नावाची वस्ती. बेळगावहून घटप्रभा, कुडचीवरून मिरजेला थेट रेल्वे आहे. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, मिरज मुंबई राज्यात राहिली. दवाखान्याची वाट मात्र तीच राहिली.

आरोग्यधामात खरी सत्ता थर्मामीटरची. ताप उतरला की आधी व्हरांडा, मग आवार, मग फाटकापर्यंत फिरण्याची मुभा. संध्याकाळी पारा चढला की पुन्हा खाट. त्यामुळे माणसाचा मान पैशावर कमी आणि तापाच्या तक्त्यावर जास्त ठरे. दुपारच्या सक्तीच्या विश्रांतीत बोलायचेसुद्धा नाही. झाकणाची थुंकदाणी कशी वापरायची, ‘हवा भरायला’ म्हणजे छातीत सुई घालून फुप्फुस दाबायला नेतात तेव्हा काय होते, हे नवख्याला डॉक्टरांआधी शेजारच्या खाटेवरचा जुना रुग्ण सांगे. अंडी-दूध, आठवड्याचे वजन, संध्याकाळचा पत्त्यांचा डाव. थुंकीत रक्त दिसले की मात्र डाव मोडे. घरच्यांनी आजार गावापासून लपवलेला असे, मुलीचे लग्न मोडण्याची धास्ती असे. इथे निदान लपवण्यासारखे काही उरत नसे. हा मोकळेपणा मोठा होता, पण तो घर तुटण्याच्या मोलाने मिळे. रोजंदारीवरच्या माणसाला, उदाहरणार्थ निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बाईला, एवढी रजा परवडणार कशी?

हा प्रश्न मद्रासच्या प्रयोगाने सोडवला. १९५६ पासून १९३ रुग्णांपैकी निम्म्यांना घरी आणि निम्म्यांना आरोग्यधामात वर्षभर आयसोनियाझिड व पीएएस ही क्षयाची औषधे दिली. वजन आरोग्यधामातल्यांचे जास्त वाढले, पण बरे होण्याचे प्रमाण जवळपास सारखेच. घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना लागणही अधिक झाली नाही. १९६२ च्या राष्ट्रीय क्षय कार्यक्रमाने घरी राहून उपचाराचीच वाट धरली.

आज साधा क्षय सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. आहारासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून १,००० मिळतात. दूध-अंड्यांची तजवीज अशी खात्यात आली. शेजारच्या खाटेची जागा कोणत्याच योजनेने भरलेली नाही, आणि गल्लीत आजार लपवणे अजून चालूच आहे.