केस खुपतो, पण दोष कुणाचा?

आमच्या आत्तीच्या डाव्या डोळ्यातून वर्षभर पाणी गळत होतं. गुऱ्हाळावर राबणारी बाई, म्हणून सगळ्यांनी चुलवाणाच्या धुरावर खापर फोडलं. मग शेजारच्या काकूंनी बॅटरी मारून बघितलं, "अगं, केस आत गेलाय की!" म्हणत चिमट्यानं उपटला. बरं वाटलं. दीड महिन्यात पुन्हा खुपायला लागलं.

कोल्हापुरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी चिमटा हातात घेतलाच नाही. त्यांनी आत्तीची खालची पापणी अंगठ्यानं जराशी खाली ओढली. केसांची रांग गुमान बाहेर आली. "आता डोळे गच्च मिटा मावशी, आणि उघडा." उघडले, तशी पापणीची कडच आत वळली आणि रांगच्या रांग बुबुळाला टेकली. केस वाकडे नव्हतेच.

आपल्याकडं कातडीच्या झाकणालाही पापणी म्हणतात आणि तिच्या केसांनाही, त्यामुळं हा घोळ होतो. झाकण आत वळलं तर तो एंट्रोपियन. झाकण जागेवर, पण एखाददुसरा केसच डोळ्याकडं वाढला तर तो ट्रिकियासिस. तक्रार तीच, उपाय मात्र वेगळा.

खालची पापणी डोळ्याच्या दोन्ही कोपऱ्यांना ताणून बांधलेली असते, खाटेच्या नवारीसारखी. वयानुसार नवार सैल पडते. पापणीला खालून धरून ठेवणारे धागेही ढिले होतात आणि डोळा मिटणारा गोल स्नायू वर सरकून कड आत ढकलतो. उतारवयात हे कारण सर्वांत जास्त आढळतं.

वरच्या पापणीचं दुखणं बहुधा आतल्या व्रणांमुळं येतं. त्यात जुना गुन्हेगार म्हणजे खुपऱ्या. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस या जिवाणूचा संसर्ग लहानपणापासून पुन्हा पुन्हा झाला की पापणीच्या आतल्या बाजूला व्रण पडतात, ते आकसतात आणि केस आत खेचले जातात. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपऱ्या भारतातून हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं 2024 मध्ये जाहीर केलं. पण जुने व्रण घेऊन जगणारी म्हातारी माणसं आहेतच. भाजणं, रसायन उडणं, पापणीच्या कडेची जुनी सूज यांनीही केस वाट सोडतात.

मिनिटाला 15 वेळा पापणी लवते असं धरलं, तरी तासाला 900 वेळा केस बुबुळावर घासतो. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचं पारदर्शक आवरण, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. ओरखड्यातून जंतू शिरले की जखम चिघळते आणि भरताना पांढरा डाग राहतो. फूल पडलं म्हणतात ते हेच.

उपटलेला केस पुन्हा उगवतो, आणि अर्धवट तुटला तर खुंट जास्तच टोचतो. वाट चुकलेले केस थोडेच असतील तर विजेच्या बारीक सुईनं, अतिथंड उपचारानं किंवा लेसरनं मूळ मारतात. तरी काही परत येतात. पापणी वळली असेल तर शस्त्रक्रियाच. तोवर खालची पापणी चिकटपट्टीनं गालाकडं ओढून ठेवायची आणि ओलाव्याचे थेंब घालायचे. ही खटपट जुनीच आहे: सुश्रुतसंहितेत पक्ष्मकोपावर, म्हणजे केस डोळ्यात वळण्याच्या दुखण्यावर, पापणीची जवाच्या आकाराची कातडी कापून केसानं शिवायला सांगितलंय.

आत्तीची नवार ताणून बसवायला तासभरही लागला नाही. भूल फक्त पापणीपुरती. टेबलावर पडल्या पडल्या ती डॉक्टरांना यंदाचा गुळाचा भाव सांगत होती.