कर्निहन, ब्रायन विल्सन

(जन्म : ३० जानेवारी १९४२, टोरांटो). कॅनडात जन्मलेले, अमेरिकेत कारकीर्द घडवलेले संगणकशास्त्रज्ञ आणि प्रोग्रॅमिंगवरील पुस्तकांचे लेखक. सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवरच्या ज्या पुस्तकाला जगभर ‘के अँड आर’ (कर्निहन आणि रिची) म्हणतात, त्यातला ‘के’ त्यांचा. मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत व्हायवाला ‘सी कोणी तयार केली?’ असे विचारले की कोणी ना कोणी कर्निहन यांचे नाव घेतोच. उत्तर चुकीचे आहे. भाषा सर्वस्वी डेनिस रिची (१९४१–२०११) यांची, हे कर्निहन यांनी स्वतःच अनेकदा सांगितले आहे. त्यांची कामगिरी वेगळी आहे : शेजारच्या खोलीत जन्मलेली साधने जगाला वापरता येतील अशा रीतीने समजावून देणे. संगणकाच्या इतिहासात शोध लावणाऱ्यांची नावे पुष्कळ सापडतात. नुसत्या समजावून सांगण्यावर एवढा मान मिळवणारे थोडे.

शिक्षण आणि बेल लॅब्ज

टोरांटो विद्यापीठातून १९६४ साली इंजिनिअरिंग फिजिक्सची पदवी घेऊन ते प्रिन्स्टनला गेले आणि १९६९ साली पीएच.डी. झाले. मोठा प्रोग्रॅम तुटपुंज्या मेमरीत बसवायचा तर त्याचे तुकडे कसे पाडावेत, म्हणजे तुकड्यातुकड्यांतली ये-जा कमीत कमी राहील, हा प्रबंधाचा विषय. त्यातूनच शेन लिन यांच्यासोबत ‘कर्निहन–लिन’ पद्धत (१९७०) आली. ती सर्किटची मांडणी करणाऱ्यांना फार उपयोगी पडली. फिरत्या विक्रेत्याने सगळी शहरे कमीत कमी अंतरात कशी फिरावीत, या प्रसिद्ध कोड्यावरही या जोडीची पद्धत (१९७३) आहे. एवढ्यावरही त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत राहिले असते.

१९६९ ते २००० ते न्यू जर्सीतील मरे हिल येथे बेल लॅब्ज या संशोधन प्रयोगशाळेत होते. केन टॉम्प्सन आणि रिची यांची युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम तिथेच आकाराला येत होती. ‘मल्टिक्स’ या अवजड यंत्रणेला चिमटा काढणारे ‘युनिक्स’ हे नाव कर्निहन यांना सुचले असे मानले जाते. त्यांनी स्वतः लिहिलेली साधने छोटी आणि एकेका कामापुरती होती : लोरिंडा चेरी यांच्यासोबत गणिती समीकरणे छापण्यासाठी ‘ईक्यूएन’, आकृत्यांसाठी ‘पिक’, आणि १९७७ साली अल्फ्रेड एहो व पीटर वाइनबर्गर यांच्यासोबत ‘ऑक’. ऑकचे नाव म्हणजे तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे. रकान्यांत भरलेल्या मजकुरातून हवे ते एका ओळीत उपसून काढणारी ही भाषा आजही मुंबईतल्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या रोजच्या वापरात आहे, लॉग फाइल चाळताना तर हमखास.

शैलीवरचे पुस्तक

पी. जे. प्लॉगर यांच्यासोबत १९७४ साली आलेले ‘द एलिमेंट्स ऑफ प्रोग्रॅमिंग स्टाइल’ हे त्यांचे पहिले गाजलेले पुस्तक. त्याची रीत धाडसी होती. लेखकांनी उदाहरणे रचली नाहीत. छापील पाठ्यपुस्तकांतलेच प्रोग्रॅम घेतले, त्यांतल्या खोडी दाखवल्या आणि ते नव्याने लिहिले. सुरुवातीचेच उदाहरण फोर्ट्रान या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतले आहे. एका प्रोग्रॅमरला कर्णावर एक आणि बाकी सगळीकडे शून्य अशी मॅट्रिक्स भरायची होती. आय हा ओळीचा क्रमांक आणि जे हा रकान्याचा; त्याने ‘आय भागिले जे’ गुणिले ‘जे भागिले आय’ असे लिहिले. पूर्णांकांच्या भागाकारात बाकी गळून पडते, त्यामुळे आय आणि जे सारखे नसतील तर दोहोंपैकी एक भागाकार शून्य होतो. हिशेब अचूक, पण वाचणारा पेन खाली ठेवून विचार करत बसतो. लेखकांचे म्हणणे एवढेच की शून्य भरायचे तर शून्य भरा, कर्णावर एक ठेवायचा तर एक ठेवा. कोड लिहिण्यापेक्षा त्यातली चूक शोधणे दुप्पट अवघड असते, तेव्हा सगळी हुशारी लिहितानाच खर्च केली तर चूक शोधायला ती आणणार कुठून, हा कर्निहन यांचा सवालही याच पुस्तकातला.

के अँड आर

‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ची पहिली आवृत्ती १९७८ साली आली, भाषेच्या प्रमाणीकरणाला धरून केलेली दुसरी १९८८ साली. पुस्तक लिहूया म्हणून रिचींच्या मागे लागले ते कर्निहन. शेवटी जोडलेले भाषेचे संदर्भपुस्तक रिचींचे. पहिल्या आवृत्तीत नोंद आहे की लेखकांनी स्वतः, युनिक्सवर चालणाऱ्या पीडीपी-११/७० यंत्राच्या साहाय्याने तिची अक्षरजुळणी केली.

पहिलाच प्रोग्रॅम पडद्यावर ‘हॅलो, वर्ल्ड’ उमटवतो. त्याचे मूळ कर्निहन यांच्याच १९७० च्या दशकाच्या आरंभी लिहिलेल्या, सीच्या आधीच्या बी भाषेच्या टिपणात आहे. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू तसे म्हणते असे एक व्यंगचित्र पाहिल्याचे आठवते, असे त्यांनी एका मुलाखतीत सांगितले. गंमत मात्र दुसऱ्या प्रोग्रॅमात आहे. तो फॅरनहाइट तापमानाचे सेल्सिअस करतो, शून्य ते तीनशे, वीस-वीसच्या टप्प्याने. मुंबईकराला फॅरनहाइट भेटतो तो तापाच्या थर्मामीटरवर, पण उदाहरण अडत नाही, कारण मुद्दा हवामानाचा नसतो. पाचाला आधी नवाने भागले तर पूर्णांकात शून्य येते आणि सगळा तक्ता शून्यांनी भरतो, म्हणून आधी गुणायचे आणि मग भागायचे. शैलीच्या पुस्तकात जी खोड होती तीच इथे धडा होऊन येते.

पाचव्या प्रकरणातले स्ट्रिंग (अक्षरांची मालिका) कॉपी करणे इतके निर्दोष म्हणता येत नाही. आधी ॲरे (क्रमाने मांडलेल्या जागा) वापरून, मग पॉइंटरने (मेमरीतल्या जागेचा पत्ता), असे करत शेवटी सगळे काम ‘व्हाइल’ या लूपच्या कंसातच उरकते आणि खाली नुसता अर्धविराम उरतो. लेखक म्हणतात की हे प्रथमदर्शनी गूढ वाटले तरी आत्मसात करावे. पण ज्या जागेत कॉपी करायची ती पुरेशी आहे का, हे ती ओळ विचारत नाही. पुढे सी मधल्या सुरक्षेच्या असंख्य भगदाडांचे मूळ याच बेफिकिरीत निघाले. शैलीकार कर्निहन यांनी ही ओळ दुसऱ्या कोणाच्या पुस्तकात पाहिली असती तर सोडली असती का, अशी शंका येते.

मुंबईतील वाचक

युनिक्स आणि सी मुंबईत रुजली त्यात संशोधन संस्थांचा वाटा मोठा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या संगणक गटातून १९८५ साली जुहूला नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी (एनसीएसटी) वेगळी झाली. २००३ साली ती सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत विलीन झाली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात फोनच्या तारेवरून ई-मेल सुरू झाली आणि पुढे ॲमस्टरडॅमशीही जोडणी झाली. त्यात वापरलेली यूयूसीपी, म्हणजे एका युनिक्स यंत्रावरून दुसऱ्यावर फाइली पाठवण्याची सोय, ही बेल लॅब्जचीच देणगी.

सामान्य विद्यार्थ्यापर्यंत के अँड आर पोचले ते प्रेंटिस-हॉल ऑफ इंडियाच्या स्वस्त ‘ईस्टर्न इकॉनॉमी एडिशन’मुळे. नवे परवडले नाही तर माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे किंवा फाउंटनच्या फुटपाथवर आधीच्या मालकाच्या पेन्सिलखुणांसकट मिळे. तरी परीक्षेच्या तोंडावर हातात दिसे ते ‘लोकल ऑथर’चे, म्हणजे स्थानिक लेखकाचे, परीक्षेपुरते पुस्तक, नाहीतर नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’. के अँड आर जड जाते ही तक्रार रास्त होती. व्हेरिएबल, लूप, फंक्शन यांची वाचकाला थोडी ओळख आहे असे प्रस्तावनेतच गृहीत धरले आहे, आणि एफईच्या (इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या) अनेक मुलांना तेवढीही नसे. त्यात लॅबमध्ये निळ्या पडद्याचे टर्बो सी हे कंपायलर (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर). जर्नलमधल्या प्रत्येक प्रोग्रॅमात ‘क्लिअर स्क्रीन’ आणि ‘गेट सीएच’ हवेच. पहिले के अँड आरमध्ये कुठेच नाही आणि दुसऱ्या नावाचे फंक्शन तिथे आहे ते लेखकांनी स्वतः लिहिलेले, वेगळेच, कारण ही दोन्ही भाषेचा भाग नसून डॉसवरच्या त्या कंपायलरची सोय होती. चांदण्यांचे त्रिकोण छापून सबमिशन उरकलेल्या पिढीला सी म्हणजे टर्बो सी असेच वाटत राहिले. बऱ्याच जणांनी हे पुस्तक नीट वाचले ते नोकरी लागल्यावर, लोकलमध्ये.

नंतरचे लेखन

रॉब पाइक यांच्यासोबतची ‘द युनिक्स प्रोग्रॅमिंग एन्व्हायर्नमेंट’ (१९८४) आणि ‘द प्रॅक्टिस ऑफ प्रोग्रॅमिंग’ (१९९९) ही दोन पुस्तके के अँड आरच्या सावलीत राहिली. दुसरे तर जास्त वाचले जायला हवे होते. टेस्टिंग आणि डीबगिंगवरची त्याची प्रकरणे अजून शिळी झालेली नाहीत. २००० पासून कर्निहन प्रिन्स्टनमध्ये प्राध्यापक आहेत. तांत्रिक शाखेत नसलेल्यांना ते संगणक शिकवतात. ॲलन डॉनोवन यांच्यासोबत गो भाषेवरचे पुस्तक (२०१५) आणि युनिक्सच्या आठवणी (२०१९) ही अलीकडची.

ऐंशीव्या वर्षी, २०२२ मध्ये, त्यांनी ऑकच्या मूळ प्रोग्रॅमात युनिकोड (जगातल्या सगळ्या लिप्यांच्या चिन्हांची क्रमांकपद्धत) आणले; ऑकच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती २०२३ साली निघाली. जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या ‘गॉक’ या ऑकच्या अवताराने हे काम केव्हाच केले होते, पण मूळ ऑक बाइटच मोजत असे, आणि देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते. त्याला ‘मुंबई’ची लांबी विचारली तर १५ येत, आता ५ येतात : म, उकार, अनुस्वार, ब आणि ई. मराठी वाचक मोजतो ती तीन अक्षरे हवी असतील तर मात्र प्रोग्रॅम आपला आपणच लिहावा लागतो.